गोडॉक्स एसके ४०० टू : छोट्या स्टुडिओत पोर्ट्रेटसाठी हा लाइट किती पुरतो?

गोडॉक्सचा एसके ४०० टू हा विजेवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश. या लाइटमध्ये टीटीएल (कॅमेऱ्याने आपोआप पॉवर ठरवणं) नाही, हाय स्पीड सिंक (अतिजलद शटरवरही फ्लॅश चालणं) नाही, बॅटरी नाही. तरीही चार भिंतींच्या आत समोर बसलेल्या माणसाचा चेहरा टिपायचा असेल, तर पहिला लाइट म्हणून हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र याची सगळ्यात कमी पॉवर किती आहे हे नीट समजून मगच घ्यावा. आणि लाइटवर सगळं बजेट संपवू नये, मोठ्या सॉफ्टबॉक्ससाठी (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीसाठी) पैसे राखून ठेवावेत.

आधी कागदावरचे आकडे. ताकद ४०० वॉट-सेकंद (म्हणजेच ४०० ज्यूल), गाइड नंबर (फ्लॅशच्या पोहोचीचं माप) ६५, पॉवर पूर्णपासून १/१६ पर्यंत, रंगतापमान ५६०० केल्विन, त्यात दोनशेचा फरक धरलेला. रिसायकल, म्हणजे फ्लॅश पुन्हा भरायला लागणारा वेळ, पूर्ण पॉवरला सुमारे एक सेकंद. मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सावल्या आधी दिसाव्यात म्हणून सतत जळणारा दिवा, १५० वॉटचा. गोडॉक्सचा २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हर आतच आहे, त्यामुळे एक्स टू टी किंवा एक्स प्रो ट्रिगर कॅमेऱ्यावर चढवला की झालं, वेगळा रिसीव्हर लटकवावा लागत नाही. तोंडाला बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची कडी) आहे. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिचा माउंट इतका रुळला आहे की बाजारात सर्वात जास्त सॉफ्टबॉक्स, ब्यूटी डिश, ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) आणि स्नूट (उजेडाचा झोत बारीक करणारी नळी) याच मापाचे मिळतात. उद्या लाइट बदलला तरी सॉफ्टबॉक्स बदलावे लागत नाहीत. माझ्या लेखी हा या लाइटचा सर्वात मोठा गुण.

आता खरी अडचण. पूर्ण पॉवर आणि १/१६ यांच्यात फक्त चार स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (आठ बाजूंचा सॉफ्टबॉक्स), आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही कापडं लावलेली, चेहऱ्यापासून एक मीटरवर, आयएसओ १००: या मांडणीत पूर्ण पॉवरला साधारण एफ १६ ते एफ २२ मिळतो. चार स्टॉप खाली उतरलं की एफ ४ ते एफ ५.६. त्याच्या खाली लाइट जातच नाही. म्हणजे ८५ एमएम एफ १.८ ची लेन्स घेऊन उघड्या अपर्चरवर पार्श्वभूमी विरघळवायची हौस असेल, तर पॉवरचं बटण तुम्हाला साथ देणार नाही. उपाय आहेत. लेन्सवर एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावला की तीन स्टॉप खाली येता. कॅमेऱ्यात आयएसओ ५० असेल तर आणखी एक. फिल्टर लावल्यावर फोकस चाचपडू लागतो, म्हणून तेव्हा मॉडेलिंग लॅम्प पूर्ण ठेवायचा. लाइट मागे नेऊनही दोन स्टॉप मिळतात, पण अंतर दुप्पट झालं की तोच ऑक्टाबॉक्स चेहऱ्याच्या दृष्टीने निम्म्या आकाराचा होतो आणि सावल्यांच्या कडा कडक होतात. मऊ प्रकाशासाठी आणलेला सॉफ्टबॉक्स मागे ढकलून वाया घालवू नका, फिल्टर घ्या.

एफ ८ ला काम करणाऱ्यांना मात्र हा प्रश्नच येत नाही. त्याच मांडणीत एफ ८ साठी लाइट १/४ ते १/८ च्या आसपास राहतो. तिथे रिसायकल इतकं जलद होतं की बटण दाबत राहिलात तरी फ्रेम हुकत नाही. ट्यूबवर ताणही कमी. लग्नासाठीचे फोटो, कंपनीच्या वेबसाइटसाठीचे हेडशॉट, मुलांचे वाढदिवसाचे फोटो, पुरस्कार मिळालेल्या आजोबांचा भिंतीवर लावायचा फोटो, ही सगळी कामं एफ ५.६ ते एफ ११ मध्येच होतात, आणि तिथे हा लाइट अगदी घरचा आहे.

एवढ्या पैशांत एलईडी का घेऊ नये, असं हल्ली दुकानात सारखं विचारलं जातं. हिशोब करून पाहा. ६० वॉटचा एलईडी १/१२५ सेकंदात सुमारे अर्धा ज्यूल ऊर्जा वापरतो. हा फ्लॅश १/१६ ला लावला तरी २५ ज्यूल सोडतो. एलईडी विजेतून जास्त उजेड काढतो हे खरं, तेवढी सूट त्याला दिली तरी फरक कित्येक पटींचा उरतो. एलईडीवर एफ ८ गाठायचा तर आयएसओ चढवा नाहीतर शटर संथ करा, आणि समोर तीन वर्षांचं मूल असेल तर दोन्हींपैकी काहीच परवडत नाही. शिवाय डोळ्यासमोर सतत झगझगाट राहिला की माणूस डोळे बारीक करतो. व्हिडिओ करायचा असेल तर एलईडीला पर्याय नाही, तो भाग वेगळा.

एका लाइटवर काय होतं

एकाच लाइटवर रेम्ब्रांट पद्धत नीट जमली पाहिजे, मग बाकीच्या पद्धती आपोआप कळतात. बसायचं स्टूल पार्श्वभूमीपासून दीड ते दोन मीटर पुढे. लाइट कॅमेऱ्याच्या एका बाजूला ४५ अंशांवर, ऑक्टाबॉक्सचा मध्य डोळ्यांच्या पातळीपेक्षा ४० ते ५० सेंटिमीटर वर, तोंड खाली झुकलेलं, कापडापासून चेहऱ्यापर्यंत एक मीटर. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली की पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा. सावल्या मिळत नसतील तर स्टँड ओढत बसू नका, माणसाला चेहरा लाइटपासून किंचित दूर वळवायला सांगा. डोळ्यातला उजेडाचा ठिपका गायब झाला असेल तर लाइट जास्त उंच गेला आहे, दहा-पंधरा सेंटिमीटर खाली घ्या. ठिपका घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसला पाहिजे.

हे सगळं मॉडेलिंग लॅम्पवर आधीच दिसतं, म्हणून तो लॅम्प बंद ठेवून अंदाजाने फोटो काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं. फक्त खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर लॅम्पची सावली दिसत नाही. हॅलोजनचा बल्ब बदलताना उघड्या बोटांनी धरू नका, बोटांचं तेल तापून बल्ब लवकर जातो. एप्रिल-मे मध्ये पंखा नसलेल्या खोलीत हा लॅम्प तासभर चालला की समोरच्याच्या कपाळावर घाम चमकायला लागतो. एलईडी मॉडेलिंग लॅम्प असलेला 'व्ही' प्रकार यासाठीच थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा.

सावलीची बाजू उचलायला दुसरा लाइट लागत नाही. १०७ सेंटिमीटरचा पाच-इन-एक रिफ्लेक्टर घ्या आणि त्याची पांढरी बाजू चेहऱ्यापासून ६०-७० सेंटिमीटरवर धरा. चंदेरी बाजू इतक्या जवळून दुसऱ्या लाइटसारखी दिसते. सोनेरी बाजू तर पांढऱ्या सदऱ्यालाही पिवळं करते. सर्वात कमी वापरली जाते ती काळी बाजू. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर उजेड सगळीकडून परत येतो आणि सावली हवी तिथेही पडत नाही. तेव्हा सावलीच्या बाजूला काळं उभं केलं की गालाचं हाड वर येतं. कायमस्वरूपी सोय म्हणून आठ बाय चार फुटांचे दोन सनबोर्ड घ्या, एका बाजूला काळा मॅट रंग मारा आणि लांबीच्या कडेला चिकटपट्टीने जोडून पुस्तकासारखे उभे करा. भिंत फिकट गुलाबी किंवा पोपटी असेल तर हे लागतंच, कारण तो रंग जबड्याखाली उतरतो आणि फोटोशॉपमध्ये काढताना जीव जातो.

नऊवारी नेसून, नथ घालून बसलेल्या बाईंचं पोर्ट्रेट ही आपल्याकडची खरी परीक्षा. नथ डाव्या नाकपुडीत असते. लाइट त्यांच्या उजव्या बाजूने आला तर नाकाची सावली नेमकी नथीवर पडते आणि मोती विझतात. म्हणून लाइट त्यांच्या डाव्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायचा, आणि चेहरा किंचित लाइटकडे. साधा सात इंची रिफ्लेक्टर लावून कडक लाइट मारलात तर नथीची ठिपक्याठिपक्यांची सावली वरच्या ओठावर येते आणि लांबून ती मिशीसारखी दिसते. १२० चा ऑक्टाबॉक्स ९० सेंटिमीटरवर आणला की ती सावली विरते आणि प्रत्येक मोत्यावर उजेडाचा एकच गोल उमटतो. पैठणीच्या पदरावरचं जरीकाम मात्र हमखास जळतं, म्हणजे फोटोत पांढरंफटक येतं, कारण पदर असलेला खांदा बऱ्याचदा लाइटच्या जवळ असतो. अशा वेळी ऑक्टाबॉक्सचा मध्य चेहऱ्यावर न रोखता थोडा कॅमेऱ्याकडे वळवायचा. मग चेहऱ्याला कडेचा मऊ उजेड मिळतो आणि खांद्यावर मारा कमी होतो. वळवल्यावर साधारण अर्धा स्टॉप पॉवर वाढवावी लागेल.

इथेच एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सावळा चेहरा 'उजळ' दाखवण्यासाठी एक्स्पोजर स्टॉपभर चढवायची सवय अनेक स्टुडिओंना आहे. त्यात कपाळ आणि नाकाचा शेंडा आधी जळतो, गालावरचा पोत जातो, आणि हाती येतो एक सपाट, ओळख पुसलेला चेहरा. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या उजेडाच्या मोठ्या, सावकाश उतरत जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये आहे. त्यासाठी स्रोत मोठा आणि जवळ हवा, एक्स्पोजर मीटर सांगेल तेवढंच हवं, आणि कपाळावर थोडी मॅट पावडर. एवढ्यावर काम होतं.

मीटरवरून आठवलं. पाहिजे तर सेकॉनिकचा एल ३०८ सारखा साधा मीटर घ्या. पांढरा घुमट हनुवटीखाली, तोंड लाइटकडे, बटण दाबायचं. मीटर नसेल तर राखाडी कार्ड आणि हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख). पण सर्वात आधी एक रिकामी फ्रेम काढा: आयएसओ १००, १/१६०, एफ ८, ट्रिगर बंद. ती पूर्ण काळी आली पाहिजे. खिडकी किंवा छताचा दिवा दिसत असेल तर त्याचा रंग त्वचेच्या सावलीत मिसळणार हे नक्की. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ५६०० ला बांधा, कार्डवर एकदा तपासा आणि मग हात लावू नका.

दुसरा लाइट कधी

दुसरा लाइट घेण्याआधी अंतराचा नियम बोटांवर हवा. अंतर दुप्पट, तर उजेड एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉप कमी. लाइट माणसापासून एक मीटर आणि मागची पांढरी भिंत लाइटपासून तीन मीटर असेल, तर भिंतीवर एक नवमांश उजेड पोचतो. तीन स्टॉपहून अधिक फरक पडतो आणि पांढरी भिंत गडद राखाडी येते. लाइट माणसापासून तीन मीटर आणि भिंत पाच मीटरवर असेल तर फरक दीड स्टॉपचाच राहतो आणि तीच भिंत फिकट दिसते. एकाच भिंतीतून दोन पार्श्वभूम्या, खर्च शून्य. कुटुंबाचा फोटो बिघडतो तोही याच नियमाने. एका टोकाच्या माणसापासून लाइट एक मीटरवर आणि दुसऱ्या टोकाचा माणूस दोन मीटरवर असेल, तर सून उजळ आणि सासरे अंधारात. लाइट तीन मीटरवर न्या, फरक एका स्टॉपच्या आत येतो. पूर्ण पॉवरचे ४०० वॉट-सेकंद उपयोगी पडतात ते इथे. २०० चा लाइट अशा वेळी दमतो.

शुद्ध पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तरच मागे वेगळे लाइट लावा. २.७२ मीटर रुंद कागदाचा रोल, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लाइट, माणूस कागदापासून किमान दोन मीटर पुढे. कागदावरचं मापन चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त ठेवा. दोन स्टॉपवर गेलात तर कागदच मागून दिवा बनतो, केसांच्या कडा खातो आणि लेन्समध्ये धूसरपणा आणतो. पार्श्वभूमीच्या लाइटसाठी एसके ३०० टू पुरेसा आहे, तिथे ४०० घालवू नका.

केसांसाठी मागून लाइट द्यायचा तर स्ट्रिप सॉफ्टबॉक्सला ग्रिड लावूनच. ग्रिड नसेल तर उजेड थेट लेन्समध्ये शिरतो. काळे, तेल लावलेले केस दिलेला उजेड आरशासारखा परत फेकतात, म्हणून मुख्य लाइटपेक्षा एक स्टॉप कमीपासून सुरुवात करा. पण इथे पुन्हा तो १/१६ चा तळ आडवा येतो. मुख्य लाइट १/८ ला असेल तर केसांचा लाइट फक्त एक स्टॉप खाली जाऊ शकतो. ग्रिड आणि जास्तीचं कापड मिळून आणखी थोडा उजेड खातात, तेवढ्यावर भागवायचं. दोन-तीन लाइटची बारीक मांडणी हे रोजचं काम असेल, तर १/१२८ पर्यंत उतरणारा आणि हाय स्पीड सिंक असलेला क्यूटी ४०० टू पाहा. बाहेर बागेतही जायचं असेल तर १/२५६ पर्यंत उतरणारा, बॅटरीवरचा एडी २०० प्रो. दोन्ही महाग आहेत, आणि घराबाहेर न पडणाऱ्याने एडी २०० वर पैसे घालू नयेत.

चष्म्यातली चमक लाइट न बदलता जाते. चष्म्याच्या काड्या कानावर काही मिलिमीटर वर उचलायच्या म्हणजे काचा खाली झुकतात, हनुवटी थोडी खाली, आणि लाइट एक वीत वर. काचा काढून चष्मा घालायला लावणं हा शेवटचा उपाय. नंबर जाड असेल तर काचेशिवाय डोळे वेगळेच दिसतात आणि घरच्यांना फोटो आवडत नाही.

काय बिघडतं आणि का

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येत असेल तर शटर सिंकच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या, पुढे गेलं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा १/२०० असते, रेडिओ ट्रिगरला थोडा उशीर लागतो, म्हणून १/१२५ किंवा १/१६० वर राहा. मिररलेस कॅमेऱ्यात एफ ८ लावल्यावर स्क्रीन काळी पडते म्हणून लोक घाबरतात. एक्स्पोजरचं पूर्वदर्शन बंद केलं की चित्र दिसतं. सायलेंट शटर चालू असेल तर बहुतेक कॅमेरे फ्लॅश पेटवतच नाहीत.

लाइट पेटत नसेल तर आधी चॅनल जुळतो का पाहा, मग ग्रुप. ट्रिगरवर आयडी चालू ठेवला असेल तर तो बंद करा. आपण बटण न दाबताच लाइट उडत असेल तर ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने पेटण्याची सोय) चालू आहे, पलीकडे कोणी दुसऱ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला तरी तो पेटतो.

एकामागून एक फ्रेममध्ये उजेड कमी-जास्त येत असेल तर पूर्ण पॉवरला लाइट भरण्याआधीच बटण दाबलं जात आहे. बीप चालू करा आणि ऐकून दाबा. जुन्या वायरिंगच्या इमारतीत, लांबलचक बारीक एक्स्टेन्शनवर, लाइट भरायला जास्त वेळ घेतो आणि प्रत्येक फ्लॅशला पंखा दचकतो. लाइट थेट भिंतीच्या सॉकेटवर घ्या, अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करा, एसीच्या पॉइंटवर जोडू नका. वीज गेल्यावर घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवायचा मोह टाळा. त्यांतल्या अनेकांची लहर चौकोनी असते आणि फ्लॅश भरताना झटक्यात ओढला जाणारा करंट त्यांना झेपत नाही. आणि लाइट बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहतो, म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.

खोल पॅराबोलिक सॉफ्टबॉक्स या वजनाच्या लाइटला पुढे ओढतात, हँडल कितीही आवळलं तरी दुपारपर्यंत तोंड खाली येतं. उथळ ऑक्टाबॉक्स घेतला तर हा त्रास कमी. स्टँडचा एक पाय लाइटच्या बरोबर खाली येईल असा ठेवा आणि त्यावर चार-पाच किलोची वाळूची पिशवी. लहान मुलांच्या फोटोला तर पिशवीशिवाय लाइट उभाच करू नका.

घेताना दुकानातच लावून पाहा. ट्रिगर आणि कॅमेरा सोबत न्या. राखाडी कार्डावर एकाच पॉवरला दहा फ्रेम सलग काढा आणि उजेड सारखा येतो का बघा. मग पूर्ण पॉवर आणि १/१६ यांच्या रंगात किती फरक पडतो ते अपर्चर जुळवून तपासा. माउंटची कडी सॉफ्टबॉक्स लावून फिरवून पाहा, सैल वाटली तर दुसरा नग मागा. बिल जीएसटीचं आणि वॉरंटी भारतातली घ्या, दुरुस्ती कुठे होते ते तिथेच विचारून घ्या. जुना घेत असाल तर फ्लॅश ट्यूब काळवंडली आहे का ते पाहा. लाइट बरेच महिने कपाटात पडून असेल तर लगेच पूर्ण पॉवरला उडवू नका, १/१६ वर चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, मग हळूहळू पॉवर वाढवा. पावसाळ्यात स्टुडिओ बंद राहत असेल तरी महिन्यातून एकदा हे करा, आणि सॉफ्टबॉक्स कोरडे करूनच घडी घाला, नाहीतर आतल्या चंदेरी अस्तराला बुरशीचे ठिपके पडतात.